गवतातला स्वल्पविराम : डोंगरावरचं चपळ फुलपाखरू कसं ओळखाल?

डोंगराच्या माथ्यावर पोहोचलं की आपण दोन गोष्टी हमखास करतो. आधी दम खातो आणि मग मोबाइल काढून समोरच्या दरीचे फोटो घेतो. पायाखालच्या गवताकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तेवढ्यात त्या गवतातून काहीतरी तपकिरी सुर्रकन उडतं, चार पावलांवर जाऊन बसतं आणि आपण वळून बघेपर्यंत पुन्हा गायब होतं. मुलं विचारतात, "काय होतं ते?" आणि घरातलं मोठं माणूस ठरलेलं उत्तर देतं, "असेल कुठला तरी पतंग."

बऱ्याचदा तो पतंग नसतो, फुलपाखरू असतं. इंग्रजीत या फुलपाखरांना 'स्किपर' म्हणतात. मराठीत या कुळाला 'चपळ' असं नाव आहे आणि ते अगदी शोभतं. जगात चपळ फुलपाखरांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. तरीही फुलपाखरांच्या गप्पांमध्ये त्यांचं नाव क्वचितच निघतं, कारण ती लहान आहेत, बहुतेक तपकिरी आहेत आणि एकमेकांसारखी दिसतात.

मग ती ओळखायची कशी? पंखांकडे बघायचंच, पण तेवढ्यानं भागत नाही. ती ज्या गवतावर राहतात, त्या गवताकडेही बघावं लागतं. चपळ आणि गवत यांचं नातं इतकं घट्ट आहे की काही ठिकाणी गवत बोटभर वाढलं म्हणून फुलपाखरू नाहीसं झालं आहे. ही गोष्ट अशाच एका फुलपाखराची आहे.

आधी हे ठरवा : पतंग की चपळ?

चपळ फुलपाखराचं शरीर जाड आणि केसाळ असतं, डोकं रुंद आणि डोळे मोठे असतात. त्यामुळेच ते पतंगासारखं वाटतं. खरी खूण त्याच्या मिशांमध्ये आहे. इतर फुलपाखरांच्या मिशांच्या टोकाला काडेपेटीतल्या काडीसारखी गोल गाठ असते. बहुतेक चपळांमध्ये त्या गाठीचं टोक पुढे जाऊन वळलेलं असतं, थेट आपल्या आजीच्या क्रोशाच्या सुईसारखं. दोन्ही मिशा डोक्यावर एकमेकींपासून बऱ्याच लांब असतात, हीसुद्धा एक खूण.

दुसरी खूण बसण्याच्या पद्धतीत आहे. गवतावर वाढणारे अनेक चपळ ऊन खाताना मागचे पंख आडवे पसरतात आणि पुढचे पंख तिरके उभे धरतात. बाजूनं पाहिलं तर छोटं लढाऊ विमान उतरल्यासारखं वाटतं. सगळेच चपळ असे बसत नाहीत. काही पंख पूर्ण पसरून बसतात, तर काही मिटून. पण गवताच्या पात्यावर हे 'विमान' दिसलं, तर तो चपळ आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरी खूण उडण्याची. बाकी फुलपाखरं तरंगत, हेलकावे खात उडतात. चपळ दगड भिरकावल्यासारखं जातं. त्याच्या मागे पळू नका. ते जिथून उडालं त्याच्या आसपास शांत उभे राहा. पुष्कळदा ते फिरून त्याच भागात येतं.

पंखावर स्वल्पविराम असलेलं फुलपाखरू

आता आपल्या गोष्टीच्या नायकाकडे येऊ. त्याचं शास्त्रीय नाव 'हेस्पेरिया कॉमा'. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५८ साली त्याचं वर्णन केलं. नावातला 'कॉमा' म्हणजे आपला स्वल्पविराम. नराच्या पुढच्या पंखावर काळी, तिरकी, जाडसर रेघ असते. कागदावर पेनानं ओढलेल्या स्वल्पविरामासारखी ती दिसते. ही रेघ नुसती नक्षी नाही. तिथे गंध सोडणारे खवले असतात आणि मादीला आकर्षित करण्यासाठी नर त्यांचा उपयोग करतो.

पंख पसरले की हे फुलपाखरू जेमतेम ३ ते साडेतीन सेंटीमीटर भरतं. वरून ते केशरी-तपकिरी दिसतं, कडा गडद आणि मध्ये फिकट ठिपके. मादी थोडी मोठी असते आणि तिच्या पंखावर ती काळी रेघ नसते. पण हे फुलपाखरू ओळखायचं तर त्याचे पंख मिटायची वाट बघायला हवी. मागच्या पंखाची खालची बाजू हिरवट असते आणि तिच्यावर पांढरे चकचकीत ठिपके असतात, मिठाईवर चांदीच्या वर्खाचे बारीक तुकडे चिकटवावेत तसे. म्हणूनच इंग्लंडमध्ये त्याला 'सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर' म्हणतात.

तिथे 'लार्ज स्किपर' नावाचं दुसरं चपळ फुलपाखरू वरून जवळजवळ असंच दिसतं. त्याच्याही नराच्या पंखावर काळी रेघ असते. फरक खालच्या बाजूला आहे. लार्ज स्किपरच्या पंखाखाली फिकट पिवळसर डाग असतात, चांदी नसते. म्हणजे वरून काढलेला एकच फोटो असेल, तर जाणकारसुद्धा थबकतात.

हे फुलपाखरू युरोपात आणि आशियाच्या थंड भागात, उत्तर आफ्रिकेच्या अ‍ॅटलास पर्वतात आणि आपल्या हिमालयाच्या उंच भागातही आढळतं. डोंगरउतारावरची मोकळी, गवताळ जागा त्याला आवडते. पण त्याचा सगळ्यात बारकाईनं अभ्यास झाला तो दक्षिण इंग्लंडमधल्या चुनखडीच्या बुटक्या टेकड्यांवर. लंडनजवळची बॉक्स हिल ही त्यांपैकीच एक, उंची फक्त २२४ मीटर. आपल्याकडे तिला कुणी डोंगरही म्हणणार नाही. पण गवत आणि फुलपाखरू यांचं नातं जगाला उलगडलं ते याच टेकड्यांवर.

सगळा खेळ बोटभर गवताचा

तिथे या फुलपाखराचे सुरवंट एकाच गवतावर वाढतात. त्याचं नाव 'शीप्स फेस्क्यू'. हे गवत बारीक, सुईसारख्या पात्यांचं असतं आणि झुबक्यांनी वाढतं. तिथल्या उतारांवर ते भरपूर आहे. मग फुलपाखरूही भरपूर असायला हवं होतं. पण तसं नव्हतं.

संशोधकांनी माद्यांच्या मागे फिरून त्या अंडी कुठे घालतात ते पाहिलं, तेव्हा कोडं सुटलं. मादीला नुसतं गवत चालत नव्हतं. तिला हवा होता आखूड, जेमतेम १ ते ४ सेंटीमीटर उंचीचा झुबका आणि त्याला लागून थोडी उघडी माती. अशी जागा सापडली की ती एका पात्यावर एकच अंडं चिकटवायची आणि पुढे जायची.

हा हट्ट कशासाठी? उबेसाठी. उघडी माती उन्हानं लवकर तापते आणि तिला चिकटून असलेल्या आखूड गवतात हवा आजूबाजूपेक्षा उबदार राहते. तेच गवत गुडघाभर वाढलं की बुडाशी सावली आणि गारवा. आपल्याला उतार एकच दिसतो, पण अंड्याच्या आणि सुरवंटाच्या दृष्टीनं त्यात कोवळ्या उन्हाचं अंगणही असतं आणि ओलसर खोलीही.

थंड देशात हा फरक जगण्या-मरण्याचा ठरतो. या फुलपाखराची वर्षातून एकच पिढी होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घातलेलं अंडं सगळा हिवाळा तसंच राहतं आणि वसंतात फुटतं. सुरवंट गवताची पाती रेशमानं शिवून बुडाशी छोटासा तंबू करतो आणि त्यात राहून वाढतो. उन्हाळ्यात कोश होतो आणि ऑगस्टच्या सुमारास फुलपाखरू बाहेर पडतं. हे सगळं ठरलेल्या वेळेत व्हायचं, तर पुरेशी ऊब हवीच.

ससे गेले आणि फुलपाखरूही गेलं

या टेकड्यांवरचं गवत आखूड कोण ठेवत होतं? मेंढ्या आणि ससे. मेंढपाळी कमी होत गेली तसा सशांवरचा भार वाढत गेला. मग १९५३ साली 'मिक्सोमॅटोसिस' हा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथले बहुतेक सगळे ससे मेले.

गवत वाढू लागलं. कुणी जमीन नांगरली नव्हती, औषध फवारलं नव्हतं, इमारत बांधली नव्हती. दुरून टेकड्या आधीसारख्याच हिरव्या दिसत होत्या, उलट जास्तच हिरव्या. पण मादीला अंडं घालायला जागा उरली नाही. एकेका उतारावरून हे फुलपाखरू नाहीसं होत गेलं. १९८२ साली पाहणी झाली, तेव्हा सगळ्या ब्रिटनमध्ये त्याच्या वसाहती ७० पेक्षाही कमी उरल्या होत्या.

त्यानंतरची गोष्ट मात्र आशेची आहे. सशांची संख्या हळूहळू सावरली. फुलपाखराला नेमकं काय लागतं ते आता कळलं होतं, त्यामुळे अनेक उतारांवर मुद्दाम मेंढ्या आणि गुरं चरायला सोडण्यात आली. २००० सालापर्यंत वसाहतींची संख्या सुमारे चौपट झाली. फुलपाखरं पकडून आणून सोडली म्हणून हे झालं नाही. गवत परत आखूड झालं आणि फुलपाखरू जवळच्या उतारांवर आपलं आपण पसरत गेलं.

यात हवामानाचाही हात होता. १९८२ मध्ये माद्या मुख्यतः दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर अंडी घालत, कारण तिथे ऊन जास्त पडतं. उन्हाळे तापू लागले तशा त्या इतर दिशांचे उतारही वापरू लागल्या. थोडं उंच गवतही त्यांना चालू लागलं.

हे ऐकून तापमानवाढ फुलपाखरांच्या फायद्याचीच आहे असं वाटेल. पण उंच पर्वतांवर चित्र वेगळं आहे. स्पेनमधल्या सिएरा दे ग्वादारामा या पर्वतरांगेत १६ जातींच्या फुलपाखरांचा अभ्यास झाला. ३० वर्षांत त्यांच्या वावराची खालची सीमा सरासरी २१२ मीटर वर सरकली होती. खालचा उतार फार तापला की फुलपाखरं वर जातात. पण पर्वत कुठेतरी संपतोच. माथ्यापलीकडे जागा नसते.

आपल्या डोंगरांवर काय दिसतं?

हे सगळं वाचून पुढच्या ट्रेकला स्वल्पविराम शोधायला निघाल, तर एक लक्षात ठेवा. सह्याद्रीत हे फुलपाखरू मिळत नाही. पण सह्याद्रीच्या पठारांवर, सड्यांवर आणि गवताळ उतारांवर त्याची भावंडं आहेत आणि त्यांना ओळखायची रीत तीच आहे.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात 'कॉमन ग्रास डार्ट' हे चिमुकलं गडद तपकिरी फुलपाखरू दिसू शकतं. त्याच्या पंखांवर फिकट ठिपके असतात आणि ते गवताच्या अगदी वरून उडतं. भातखाचरांच्या बांधावर 'राइस स्विफ्ट' भेटतो. त्याचा सुरवंट भातावर आणि इतर गवतांवर वाढतो, म्हणजे चपळ बघायला डोंगर चढायलाच हवा असंही नाही. काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असलेला 'इंडियन स्किपर'ही मोकळ्या माळावर दिसतो. पण त्याचा सुरवंट गवत खात नाही. त्याला चिकण्यासारख्या, म्हणजे भेंडीच्या कुळातल्या वनस्पती लागतात. त्यामुळे फुलपाखरू कोणत्या झाडाभोवती घुटमळतंय, हीसुद्धा ओळखीची खूण ठरते.

काळ्या-पिवळ्या 'डार्ट' फुलपाखरांच्या काही जाती मात्र इतक्या सारख्या असतात की नुसत्या फोटोवरून सांगताच येत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांचे अवयव तपासावे लागतात. अशा वेळी "डार्ट गटातला एक" एवढं म्हणून थांबणं हे अज्ञान नाही, तो प्रामाणिकपणा आहे.

आता इंग्लंडच्या टेकड्यांवरचा धडा आपल्या डोंगरांना लावून बघा. झाडं म्हणजे निसर्ग आणि नुसतं गवत म्हणजे रिकामी जागा, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. सरकारी नोंदींतही देशातली बरीच गवताळ जमीन 'पडीक' या सदरात येते. मग तिच्यावर झाडं लावणं हे पुण्याचं काम वाटतं. निलगिरी पर्वतावर इंग्रजांच्या काळापासून गवताळ उतारांवर वॅटल, पाइन आणि निलगिरीची झाडं लावली गेली. त्या सावलीत मूळचं गवत टिकलं नाही. गवत गेलं की त्यावर जगणारे जीवही जातात.

उलट बाजूही आहे. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं आणि फुलांच्या हंगामात तिथे गर्दी लोटू लागली. उत्तराखंडमध्ये उंचावरच्या कुरणांना 'बुग्याल' म्हणतात. तिथे २०१८ साली उच्च न्यायालयानं रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. तंबू, पावलं आणि कचरा यांचा भार नाजूक गवताला सोसत नाही.

मग गवताला अजिबात हात लावायचा नाही, हे उत्तर आहे का? तसंही नाही. उत्तराखंडचं 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथली चराई थांबली. पुढे दरीच्या काही भागांत पॉलिगोनम ही उंच वाढणारी वनस्पती पसरली. चराई थांबल्यामुळेच हे झालं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण प्रश्न तोच आहे, जो इंग्लंडच्या टेकड्यांवर पडला होता. किती चराई जास्त आणि किती कमी? याचं उत्तर प्रत्येक उतारावर वेगळं असतं. ते शोधायचं तर आधी तिथे कोण कोण राहतं हे माहीत हवं. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोचं मोल इथेच आहे.

फोटो काढताना एवढं करा

दोन बाजू टिपा. पंख उघडे असताना एक फोटो आणि मिटल्यावर बाजूनं एक. अनेक चपळांची ओळख खालच्या बाजूला लपलेली असते.

डोकं स्पष्ट येऊ द्या. मिशांचं वळलेलं टोक दिसलं तर निम्मं काम झालं.

ऊन बघून जा. सकाळी ऊन अंगावर आलं की चपळ पंख तापवत बसतात, तेव्हा ते थोडा वेळ स्थिर असतात. ढगाळ हवेत शोधून फारसा उपयोग होत नाही.

सावली पडू देऊ नका. वरून वाकलात तर ते उडणारच. खाली बसा आणि हळूहळू पुढे सरका. मुलांना हे मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं.

एक फोटो गवताचा काढा. शेजारी बोट किंवा पेन ठेवलं तर गवताची उंची कळते. जमीन उघडी आहे का, उतार कोणत्या दिशेला आहे, समुद्रसपाटीपासून उंची किती, तारीख कोणती, हे लिहून ठेवा. यातलं बरंचसं मोबाइलच सांगतो.

पकडू नका. चिमटीत धरलं की पंखांवरचे खवले निघतात. शिवाय फुलपाखरांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

नोंद जमा करा. 'आयनॅचरलिस्ट' या अ‍ॅपवर किंवा 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर फोटो देता येतो आणि जाणकार ओळख पटवायला मदत करतात. भारतात २०२० पासून सप्टेंबर हा 'बिग बटरफ्लाय मंथ' म्हणून साजरा होतो. सुरुवात करायला तो महिना उत्तम.

घरी पुस्तक ठेवायचं असेल, तर आयझॅक किहिमकर यांचं 'द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज' हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं काढलेलं इंग्रजी पुस्तक अनेक हौशी निरीक्षकांच्या पिशवीत असतं.

गवताची बाजू घेणारं कुणीतरी हवं

वाघासाठी जंगल राखायचं हे आता लहान मुलालाही पटतं. तीन सेंटीमीटरच्या तपकिरी फुलपाखरासाठी बोटभर उंचीचं गवत राखायचं, हे पटवणं अवघड आहे. पण ब्रिटनमध्ये ते करून दाखवलं गेलं. त्यासाठी फार मोठा खर्च किंवा यंत्रं लागली नाहीत. मादी कुठे बसते हे कुणीतरी गुडघ्यावर बसून, धीरानं पाहिलं आणि मग मेंढ्या योग्य जागी नेल्या.

आपल्या डोंगरांवरच्या चपळांपैकी कित्येकांचं असं पाहणं अजून व्हायचं आहे. कुणाची मादी कोणत्या गवतावर अंडं घालते, तिला आखूड गवत लागतं की उंच, गुरं चरल्यावर ती टिकते की जाते, हे सांगायला मोठी पदवी लागत नाही. एकाच उतारावर वर्षानुवर्षं जाणारं एखादं कुटुंब, शाळेचा एखादा वर्ग किंवा गुरं राखणारे आजोबाही ते सांगू शकतात.

पुढच्या वेळी डोंगरावर गवतातून काहीतरी सुर्रकन उडालं आणि मुलांनी "काय होतं ते?" असं विचारलं, तर लगेच उत्तर देऊ नका. त्यांच्यासोबत खाली बसा आणि गवत किती उंच आहे ते आधी मोजा.